वडिलांचा व्यवसाय : ऑटोमोबाईल

हॉस्टेलच्या फॉर्मवर हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आमचं लातूरला बार्शी रोडला पंक्चरचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं टब. खोटं नव्हतंच म्हणा, टायरही ऑटोमोबाईलमध्येच येतो!

पुढे पुण्यात स्पर्धा परीक्षेला आलो. सदाशिव पेठेत खोली, शास्त्री रोडला अभ्यासिका. अप्पांचा फोन रात्री नऊला यायचा आणि मागे कॉम्प्रेसर धडधडत असायचा. मी फोन घेऊन जिन्यात जायचो. रूममेटपैकी एकाचे वडील प्राध्यापक, दुसऱ्याचे तहसील कचेरीत. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, हे आज आठवलं की जास्त लाज वाटते.

दुसऱ्यांदा प्रिलिम गेली आणि मी झोपलो. म्हणजे झोपूनच राहिलो. अभ्यासिकेचे पैसे भरलेले, खुर्ची रिकामी. डबा तसाच परत जायचा. घरी सांगायचो, जरा कणकण आहे. तिकडे गावात भावकीने गणपतीच्या फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली 'भावी अधिकारी' छापलेलं. घराची लाज वाटणारा मीच आणि घराची इज्जत टांगलेली तीही माझ्याच गळ्यात. याला लोक 'पोराला पुण्याचं वारं लागलं' म्हणतात.

मानसशास्त्रात एमए करणाऱ्या एका मैत्रिणीने तेव्हा कागदावर दहा पायऱ्यांची शिडी काढली. वर सगळ्यात जास्त पैसा, शिक्षण, मानाची नोकरी असलेले. खाली यातलं काहीच नसलेले. तू कुठे? मी खालून तिसरीवर फुली मारली. ही शिडी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नॅन्सी ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली वापरली होती. पगार-शिक्षणाचा हिशेब वेगळा काढला तरी, माणूस स्वतःला कुठल्या पायरीवर बघतो याचा त्याच्या तब्येतीशी संबंध दिसतो, असं त्यांना आढळलं. गरिबी खरीच असते, फीचा हप्ता काही मनाचा खेळ नाही. पण मला गरिबीने पाडलं नव्हतं. लातुरात होतो तोवर मी बरा होतो की!

दिवाळीला गेलो तेव्हा गंमत म्हणून अप्पांसमोर तीच शिडी काढली. त्यांनी काळ्या अंगठ्याने सातवी पायरी दाबली. डाग पडला. म्हटलं, अप्पा, सातवी? "मग? रात्री दोन वाजता टायर बसला तर डॉक्टर असू दे नाहीतर फौजदार, मलाच उठवतो."

त्या एका वाक्याने मी बरा झालो असं लिहिलं तर लाईक मिळतील, पण तसं झालं नाही. दोन आठवड्यांच्या वर मन असंच पडलेलं राहिलं, झोप-भूक गेली, तर तो आळस नसतो, हे मला डॉक्टरांकडून कळलं. तिथपर्यंत पोचलो तो मैत्रिणीने हाताला धरून नेलं म्हणून. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, 2022 पासून, फुकट आणि मराठीत बोलता येतं. जिन्यात जाऊन केला तरी चालतो.

परवा लग्नाचा बायोडाटा टाईप करत होतो. मामा म्हणाला, 'व्यावसायिक' लिही, बरं दिसतं. मी 'टायर पंक्चरचं दुकान, बार्शी रोड' लिहिलं. मामाने तो अजून ग्रुपवर टाकलेला नाही.