पंगतीला नको म्हणे

“दारं सताड उघडी टाकली, म्हणून तर तुमच्याकडची चर्चेस ओस पडली.” वसईच्या आमच्या गावच्या ग्रुपवर काकांनी परवा हे टाकलं आणि नाइट शिफ्ट करून आलेली मी झोप सोडून लिहायला बसले. निमित्त एका लग्नाचं. नवरीचा भाऊ आपल्या जोडीदाराला घेऊन येणार आहे. जोडीदारही मुलगाच. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मागे कुठेतरी बसू दे, पंगतीला नको, असं निम्म्या गावाचं म्हणणं.

काका, मला इथे कॅनडातल्या मिसिसागात 15 वर्षं झाली. रविवारी दहाच्या मिस्साला पाच मिनिटं उशीर झाला तरी आमच्या चर्चला पार्किंग मिळत नाही. तिसऱ्या बाकावर दोघी जणी बसतात, केस पिकेपर्यंत एकत्र राहिलेल्या. मिस्सानंतर हॉलमधली कॉफी त्याच बघतात. कुणी मान वळवून पाहत नाही. इथल्याच क्वेबेक प्रांतातली चर्चेस विकली गेली हे खरं, पण तिथले लोक 1960च्या दशकापासूनच उठून जायला लागले. तेव्हा दारं कुणासाठी उघडी होती?

डिसेंबर 2023मध्ये खुद्द व्हॅटिकननं सांगितलं की अशा जोडप्यांना धर्मगुरू साधा आशीर्वाद देऊ शकतात. तो विवाह नव्हे, विवाहाची शिकवण बदललेली नाही, हे मलाही ठाऊक आहे. कृपा करून तो मेसेज पुन्हा फॉरवर्ड करू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिस्बनला पोप फ्रान्सिस तरुणांना म्हणाले, चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे. ‘तोदोस, तोदोस, तोदोस.’ ज्यांनी 1534 ते 1739 वसईवर राज्य केलं आणि आपल्याला आडनावं दिली, त्या पोर्तुगिजांच्या भाषेतही ‘सगळे’ म्हणायला हाच शब्द आहे.

आणि परुशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ ज्यू, येशूवर कुरकुरले ते कशावरून? बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे: हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. पंक्तीला! कोकणातल्याच करजगावात जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांना पंगतीतून उठणं म्हणजे काय ते कळलं. पुढे 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

इथे मी कुठेही बसले तरी चालतं. पण ‘कुणाची गं तू?’ असंही कुणी विचारत नाही. काही रविवारी त्या प्रश्नासाठी जीव तुटतो. गावात तो प्रश्न विचारणारेच जेव्हा दुसऱ्याला उठवतात, तेव्हा माझंच घर मला परकं होतं, म्हणून एवढी चिडते.

आणि हेही सांगायलाच हवं. मी इकडे येण्याच्या दोन वर्षं आधी मावसभाऊ सणाला आपल्या मित्राला घेऊन आला होता. मित्र म्हणजे कोण, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मावशीनं त्या मुलाचं ताट वेगळं वाढलं, मागच्या पडवीत, विहिरीच्या बाजूला. तांदळाच्या दोन भाकऱ्या, मटण, कांद्याची फोड. ते ताट मी नेऊन दिलं. तो उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि म्हणाला, “ताई, तुम्ही जेवलात?”

मी हो म्हटलं आणि आत पंगतीत जाऊन बसले.