स्कॅन मारा, तज्ज्ञ व्हा

सायबर सुरक्षेत करिअर करायचं पक्कं केलंत, अभिनंदन! आता अभ्यासाच्या फंदात मात्र पडू नका. नेटवर्किंगची पुस्तकं जाडजूड असतात आणि टीसीपीचं हँडशेक, म्हणजे दोन संगणक बोलणं सुरू करताना घालतात तो रामराम, समजलं म्हणून आजवर कुणाच्या प्रोफाइलवर लाइक पडलेले नाहीत. त्यापेक्षा सरावाचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या संगणकातच चालणारा आभासी संगणक, उतरवून घ्या, त्यावर स्कॅन मारा, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटी शोधणारं सॉफ्टवेअर सोडा, आणि रात्री तज्ज्ञ होऊनच पानावर बसा.

सावज नीट निवडलंत की निम्मं काम झालं. मेटास्प्लॉइटेबल २ सारखं गुणी सावज दुसरं नाही. रॅपिडसेव्हन कंपनीने २०१२ मध्ये ते फुकट वाटायला काढलं, तेच मुळात फोडण्यासाठी. आत उबुंटू ८.०४ ही लिनक्स, जिच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट २०१३ मध्येच संपला. युजरनेम एमएसएफअ‍ॅडमिन, पासवर्डही एमएसएफअ‍ॅडमिन, आणि दोन्ही लॉगिनच्या पडद्यावरच लिहून ठेवलेले. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, पासवर्डच नाही. दुरून पडदा चालवू देणाऱ्या व्हीएनसीला आहे, पण तो 'पासवर्ड' हाच शब्द आहे. १५२४ नंबरच्या पोर्टला, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या क्रमांकित दारांपैकी एकाला, टेलनेटने दुरून नुसतं जोडलं तरी थेट रूटचा प्रॉम्प्ट समोर हजर, तुम्ही कोण, कुठले, काही विचारत नाही. अशा मशीनमध्ये त्रुटी शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात वारकरी शोधून काढणं. पण ही गोष्ट पोस्टमध्ये लिहायची नसते.

त्याच लॉगिनच्या पडद्यावर एक ताकीदही असते: हे मशीन भरवशाच्या नसलेल्या नेटवर्कवर कधीही उघडं ठेवू नका. ती भित्र्यांसाठी आहे. अशी मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कसाठी होस्ट-ओन्ली असा पर्याय असतो. तो निवडला की हे मशीन तुमच्या लॅपटॉपपुरतंच कोंडून राहतं, सहसा १९२.१६८.५६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर. त्यात काय मजा? तुम्ही ब्रिज्ड निवडा. मग होस्टेलचा राउटर त्याला बाकीच्या मोबाइल-लॅपटॉपच्या पंगतीत पत्ता देईल आणि वायफायवरच्या कुणालाही तुमच्या बिनपासवर्डच्या डेटाबेसपर्यंत सुखाने पोचता येईल. ज्ञान दिल्याने वाढतं, असं आपल्याकडे म्हणतातच.

स्कॅनरच्या टार्गेटच्या रकान्यात एकच पत्ता लिहिणं हा कद्रूपणा झाला. शेवटी शून्य आणि पुढे तिरपी रेघ देऊन २४ लिहा, म्हणजे २५६ पत्त्यांची एकदम तपासणी होते. ऑफिसातल्या प्रिंटरने मग अगम्य मजकुराची पानं सोडायला सुरुवात केली तर दचकू नका. काही प्रिंटर ९१०० पोर्टवर जे येईल ते इमानदारीत छापतात. उघडी पोर्ट शोधणाऱ्या एनमॅपच्या मंडळींना हे ठाऊक आहे, म्हणून आवृत्ती ओळखण्याच्या तपासणीत एनमॅप हे पोर्ट आपणहून वगळतो. सगळेच स्कॅनर इतके समजूतदार असतील अशी आशा ठेवायला काय जातं! सेफ चेक्सची, म्हणजे धोक्याच्या तपासण्या टाळणारी, खूण काढून टाकायलाही विसरू नका. सर्व्हिस कोसळली तर कोसळली. मशीनच्या धडधाकट अवस्थेचा स्नॅपशॉट, म्हणजे परत फिरायची प्रत, आधीच काढून ठेवायचा असतो म्हणे, पण भविष्याची एवढी चिंता कोण करतं?

एनमॅपचं निघालंच आहे तर तोही चालवा. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून त्याला जोडायच्या पर्यायांची यादी वाढतच गेली आहे. ती वाचायची नाही. नुसता पत्ता द्या आणि एंटर मारा. मेटास्प्लॉइटेबलवर तो २३ पोर्ट उघडी दाखवतो आणि खाली एक नम्र ओळ टाकतो की ९७७ बंद आहेत. तेवीस अधिक नऊशे सत्त्याहत्तर, हिशेब बरोबर हजार. पोर्ट एकूण ६५,५३५ असतात, त्यातली फक्त हजार बघितली आणि तीही पहिली हजार नव्हेत, तर सर्रास उघडी सापडणारी हजार, असल्या शंका काढणारा माणूस आयुष्यात पुढे जात नाही. ३६३२ वर डिस्टसीसीडी नावाचा प्रोग्राम बसलेला असतो, बाहेरून येणारी कुठलीही कमांड निमूट चालवणारा. तो या यादीत येत नाही. न का येईना, तेवीस काय कमी आहेत?

आता खरा कार्यक्रम. नेसस घ्या किंवा ओपनव्हास, दोन्ही त्रुटी शोधणारे स्कॅनर. नेसस १९९८ मध्ये मुक्त म्हणून आलं, २००५ मध्ये त्याचा कोड बंद झाला आणि जुन्या मुक्त कोडमधून ओपनव्हास निघालं. या भाऊबंदकीशी आपल्याला कर्तव्य नाही. ओपनव्हास बसवल्यावर त्याचं फीड, म्हणजे तपासण्यांचा साठा, उतरायला भरपूर वेळ लागतो. थांबू नका, अर्धवट फीडवरच स्कॅन सोडा. काहीच सापडलं नाही तर मशीन सुरक्षित असल्याचा दाखला तिथल्या तिथे देऊन टाका. मात्र ते मेटास्प्लॉइटेबल असेल तर जरा अडचण होईल, तेवढं बघा.

फीड चुकून पूर्ण उतरलंच, तर रिपोर्टात व्हीएसएफटीपीडी २.३.४ नावाची ओळ दिसेल, तांबडीभडक. तिच्यापाशी चुकूनही रेंगाळू नका, कारण रेंगाळलात की गोष्ट निघते. २०११ च्या जुलैच्या सुरुवातीला उघड झालं की फाइल देवघेवीच्या या एफटीपी सर्व्हरच्या अधिकृत डाउनलोडच्या जागी कुणीतरी चोरदरवाजा बसवलेली प्रत आणून ठेवली होती. युजरनेममध्ये कोलन आणि कंस, म्हणजे आपला रोजचा हसरा चेहरा, टाकला की ६२०० पोर्टवर रूटचं शेल, म्हणजे कमांड द्यायची जागा, उघडायचं. पासवर्ड काहीही दिला तरी चालायचं. मूळ लेखक क्रिस एव्हान्स यांनी ३ जुलैला ते जाहीर केलं. एवढं वाचलंत की पुढचा किडा डोक्यात शिरतोच: ज्यांनी २.३.४ ची चांगली प्रत आधीच घेतली होती त्यांच्याकडे हा दरवाजा नाहीच. मग स्कॅनरने नुसता आवृत्तीचा आकडा वाचून बोंब ठोकली, की खरंच स्मायली टाकून ६२०० ची कडी वाजवून पाहिली?

ओपनव्हासच्या निकालात नेमक्या याच शंकेसाठी क्यूओडी नावाचा टक्केवारीचा रकाना असतो आणि ७० टक्क्यांहून कमी खात्रीचे निकाल तो आपणहून झाकून ठेवतो. हा फिल्टर शून्यावर आणा. यादी कशी छान लांबते! सुरक्षेच्या धंद्यात रिपोर्टची किंमत वजनावर होते, आणि शंभर पानी पीडीएफ कुणी उघडत नाही हा त्यातला सर्वांत मोठा सुरक्षेचा उपाय आहे.

हीच विद्या पुढे कंपनीच्या सर्व्हरवर वापरायची असते. तिथे स्कॅनरला लॉगिन देऊ नका. बाहेरूनच बॅनर, म्हणजे सर्व्हिस आपली आवृत्ती सांगते ती पाटी, वाचू द्या. डेबियन किंवा रेडहॅट लिनक्सची मंडळी जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती आणून बसवतात, त्यामुळे बाहेर आकडा जुना दिसतो आणि आत भोक बुजलेलं असतं. स्कॅनरने आत जाऊन पॅकेज पाहिलं तर ही पंचाईत कळेल आणि तुमच्या तांबड्या ओळी हकनाक गळतील. सिस्टीम अ‍ॅडमिन बिचारा सांगत राहील की साहेब, हे कधीच पॅच झालंय. त्याला पीडीएफचं पान दाखवा. सीव्हीएसएसचा, म्हणजे त्रुटीच्या गांभीर्याचा, आकडा १० पैकी १० आहे म्हणजे १०, त्याच्यापुढे अपील नाही. ते मशीन तळघरात, कशालाही न जोडलेलं आहे, असलं त्याचं रडगाणं ऐकत बसू नका.

आणि हात साफ झाला की ओळखीतल्या क्लासच्या किंवा पतसंस्थेच्या साइटवर एकदा स्कॅन टाकाच. लेखी परवानगी? अहो, आपण मदतच करतोय की! स्कॅनर मधूनमधून नेहमीचे पासवर्ड टाकून लॉगिन होतंय का तेही बघतो, ती त्याची हौस. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल बोलतं आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही देऊ करतं. हेतू तुमचा शुद्ध आहे, हे तुम्ही चौकीत समजावून सांगालच. सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सहा तासांच्या आत कळवायच्या घटनांची यादी दिली, त्यात महत्त्वाच्या यंत्रणांवर केलेलं स्कॅनिंगही आहे. म्हणजे तुमच्या कामाची दखल सरकारदरबारी किती तातडीने घेतली जाऊ शकते बघा.

एवढं झाल्यावर मुलाखतीचं बोलावणं येणारच. टेबलापलीकडचा माणूस तुमचा रिपोर्ट चाळेल, सगळा नाही, पहिलं पान, आणि विचारेल की यातलं आधी काय दुरुस्त कराल आणि का? तुम्ही शांतपणे सांगा, "सर, तेवढं सोडून विचारा."