ओळख म्हणजे वशिला नव्हे

गल्लीच्या मंडळापासून दहावीच्या बॅचपर्यंत आमच्याकडच्या बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरून फिरून येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच. ओळखीशिवाय नोकरी लागत नाही आणि गरिबाला ओळख नसते. मुलाखत हे नाटक, नाव आधीच ठरलेलं असतं. पैसे मोजल्याशिवाय सरकारी नोकरी नाही. सीमाभागातल्या मराठी पोराला तर बेळगावात कोणी दारात उभं करत नाही. आणि नेटवर्किंग म्हणजे मोठ्यांच्या पुढंमागं करणं. शेवटी 'पटलं तर पुढं पाठवा'.

मी अठरा वर्षं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत आहे. सुरुवात लेथवर केली, आता क्वालिटीत आहे, आणि गेली काही वर्षं नवीन मुलं घ्यायची असली की मालक मलाही मुलाखतीला बसवतात. हा मजकूर वाचून अर्जच न केलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

ओळखीचं आधी बोलतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. नोकऱ्या ओळखीतून लागतात, हे खरंच आहे. पण कुठल्या ओळखीतून? मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना हेच विचारलं आणि १९७३ मध्ये ते मांडलं. ओळखीच्या माणसाकडून नोकरी कळलेल्यांत, तो माणूस आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा होता असं सांगणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारा होता, असं सांगणारे ५५.६ टक्के, आणि वर्षाकाठी एखाददा किंवा त्याहूनही कमी भेटणारा, असं सांगणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता. पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती तपासली गेली, तेव्हाही नोकरी मिळवून देण्यात जिवलगांपेक्षा जरा लांबच्या ओळखीच उजव्या ठरल्या.

कारण साधं आहे. रोज कट्ट्यावर शेजारी बसणाऱ्या मित्राला तेच माहीत असतं जे तुला माहीत आहे. नवी बातमी आणतो तो वेगळ्या वाटेनं जाणारा माणूस. आता सांगा, गरिबाच्या घरी असा माणूस नसतो? मामेबहिणीचा दीर कागलच्या एमआयडीसीत असतो. गल्लीतलं कोणीतरी गोव्यात वेर्ण्याला असतं. आयटीआयचे सर असतात, पुढच्या बॅचची मुलं असतात, जत्रेला चंदगडहून येणारे पाहुणे असतात. सीमाभागातल्या घराची नाती तर दोन-तीन राज्यांत पसरलेली. एवढं असताना आपण 'आमची ओळख नाही' म्हणतो, तेव्हा आपल्या मनात आमदार असतो. बातमी आणायला आमदार लागत नाही.

आमच्या कारखान्यात खानापूर तालुक्यातला एक मुलगा आहे. त्याला जागेचं सांगितलं ते फाउंड्रीतून आमच्याकडं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग आणणाऱ्या टेम्पोवाल्या मामांनी. ते त्याच्या गावचे. बोलले एवढंच, "तिकडं दोघं सोडून गेलेत, जाऊन बघ की." या मामांच्या शब्दाला आमच्या ऑफिसात काही वजन आहे का? नाही. ते गेटवर चलनावर सही घेतात आणि जातात. त्यांनी बातमी दिली, पुढचं मुलानं केलं. ओळख आणि वशिला यांतला फरक हाच, आणि त्या मजकुराने हे दोन्ही एकाच पोत्यात भरले आहेत.

आता मुलाखतीचं नाटक. काही ठिकाणी नाव आधी ठरलेलं असतं, हे मी नाकारत नाही. मीही एकदा अशा ठिकाणी दोन तास बाकावर बसून आलोय. पण त्यावरून सगळ्या मुलाखती खोट्या म्हणणं म्हणजे एका कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक दिसलं म्हणून अख्खी लॉट भंगारात टाकणं. आमच्यासारख्या कारखान्यात चुकीचा माणूस घेतला तर महिन्याच्या रिजेक्शनमध्ये, म्हणजे बाद झालेल्या मालात तो दिसतो, आणि ते पैसे मालकाच्या खिशातून जातात. त्याला नाटक परवडत नाही.

तर तो मुलगा आला. आत आल्या आल्या बहुतेकांसारखं पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं, "मायसेल्फ" वगैरे, आणि तिसऱ्या वाक्याला अडकला. मी म्हटलं, "राहू दे, मराठीत बोल." समोर ३० मिमीचा एक शाफ्ट ठेवला आणि माप घ्यायला सांगितलं. टेबलावर दोन मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायची साधनं होती. शून्य ते २५ मिमी मोजणारा त्यानं बाजूला सारला आणि २५ ते ५० चा उचलला. लगेच शाफ्टला लावला नाही. आधी खिशातल्या रुमालानं मायक्रोमीटरची दोन्ही टोकं पुसली, मग पेटीतला सेटिंग पीस, म्हणजे नेमक्या २५ मिमीचा तुकडा धरून शून्य बरोबर येतं का बघितलं. मग माप घेतलं, रॅचेट फिरवून, दोन ठिकाणी. एवढं होईपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता, आणि माझं निम्मं मत झालं होतं.

मग विचारलं, कधी जॉब बिघडवलास का? दहातली नऊ मुलं "नाही सर" म्हणतात. हा म्हणाला, "आयटीआयत एक अंडरसाइज केला, मापापेक्षा बारीक. लेथच्या डायलवर एक मिलिमीटर आत गेलो की व्यास दोन मिलिमीटरनं कमी होतो, हे विसरलो. तेव्हापासून शेवटच्या कटाआधी थांबून एकदा माप घेतो." पुढं विचारायला फारसं काही उरलं नाही.

मुलाखतीची तयारी म्हणतात ती ही. टाय नाही, पाठांतर नाही. हाताखालून गेलेल्या कामातल्या चार-पाच गोष्टी आठवून ठेवायच्या: काय केलं, कुठं चुकलं, कसं निस्तरलं. घरी कोणाला तरी समोर बसवून त्या मोठ्यानं सांगून बघायच्या. पहिल्यांदा सगळ्यांचीच बोबडी वळते. जिथं जायचं तिथं कुठली मशीन आहेत, माल कोणाला जातो, हे आधी विचारून घ्यायचं. आणि आमच्यासारख्या घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा माणूस ओळखण्यात सरस ठरली. आम्हीही आता प्रश्न लिहून नेतो.

पैशांच्या मुद्द्याचा मला सगळ्यात राग येतो. माझ्या ओळखीच्या एका घरानं केंद्र सरकारच्या क्लार्कच्या नोकरीसाठी एजंटाला पैसे दिले. "लेखी परीक्षा पोरगा बघेल, इंटरव्ह्यूचं मी बघतो," असं त्याचं बोलणं. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क (क्लार्क यातच येतो) आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. म्हणजे जी मुलाखत होणारच नव्हती, तीच त्यानं विकली. बाईच्या अंगावरचं सोनं गेलं, पैसे परत आले नाहीत. असे एजंट जगतात ते 'पैशाशिवाय काही होत नाही' या वाक्यावर, आणि ते वाक्य आपणच फुकटात पुढं पाठवतो.

भाषेचं दुखणं खरं आहे. कर्नाटक सरकारच्या भरतीत कन्नडची अट आहे आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ती जड जाते. त्याबद्दलचा राग मी समजू शकतो. पण तोच नियम खाजगी कारखान्याला लावून घरी बसणं चूक. आमच्या फ्लोअरवर हेल्पर हिंदी बोलतात, निम्मे ऑपरेटर कन्नड, ड्रॉइंग इंग्रजीत. निपाणीपासून खानापूरपर्यंतचा मुलगा यांतल्या तीन भाषांत सहज वावरतो. तरी बायोडेटात कन्नडपुढं तो "थोडं थोडं" लिहितो, आणि बाजारात भाजीवाल्याशी अस्खलित कन्नडमध्ये घासाघीस करतो. लिहा ना, बोलता येतं म्हणून!

राहिलं पुढंमागं करणं. कोणाच्या पाया पडायची गरज नाही. फोन करून एवढं म्हणायचं, "काका, मी अमक्याचा मुलगा. नोकरी लावा म्हणत नाही. तुमच्याकडं काम काय असतं, नवीन मुलाला काय विचारतात, दहा मिनिटं सांगाल का?" मला असा फोन आला तर मी शिफ्ट संपवून गेटवर थांबतो. सांगितलेलं करून बघितलं की परत कळवायचं, नोकरी नाही लागली तरी.

त्या खानापूरच्या मुलानं गेल्या वर्षी आमच्याकडं जागा निघाल्या तेव्हा आपल्या बॅचच्या दोघांना कळवलं. एकाला घेतलं. दुसऱ्याला नाही घेतलं, त्याला मायक्रोमीटर नीट धरता आला नाही. तो आता रविवारी सकाळी याच्या घरी येतो. यानं एक जुना मायक्रोमीटर विकत घेऊन ठेवलाय.