अनलिमिटेड विका, निवांत झोपा

होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइटना इंटरनेटवर जागा भाड्याने देण्याचा, धंदा करायला ज्ञान लागतं असं कोणी म्हणालं, तर समजून जा की त्याला स्पर्धक नको आहे. सर्व्हरसुद्धा लागत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीकडून पुढे विकण्यासाठीचं रिसेलर अकाउंट घ्यायचं, त्यासोबत खाती बनवण्याचं डब्ल्यूएचएम हे सॉफ्टवेअर मिळतं, त्यातून सीपॅनेलची (गिऱ्हाईक आपली साइट सांभाळतं त्या पॅनेलची) खाती पाडायची आणि वर आपला लोगो चिकटवायचा. सकाळी बसलात तर संध्याकाळपर्यंत कंपनी उभी. सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सशी ओळख नसली तरी बिघडत नाही, कारण ज्याच्याकडून घेतलं त्याला ती असणारच. तोही बहुधा कोणाचा तरी पोटभाडेकरूच असतो. पण हे त्याने तुम्हाला सांगितलेलं नसतं आणि तुम्हीही गिऱ्हाइकाला सांगणार नाही आहात.

वेबसाइटवर 'आम्ही' हा शब्द सढळ हाताने वापरा. आमचं डेटा सेंटर, आमचे तज्ज्ञ, आमचा सेल्स विभाग. संपर्काच्या फॉर्मवर सेल्स, बिलिंग आणि टेक्निकल यांतून विभाग निवडायची सोय जरूर ठेवा. तिन्ही विभागांच्या मेल तुमच्याच फोनवर येतात ही कंपनीची अंतर्गत बाब झाली.

आता प्लॅन. इथे कंजुषी करू नका. जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड, ईमेल खाती अनलिमिटेड. तुमच्याकडे आहे शंभर जीबी, पण गणित सोपं आहे. पन्नास जणांना दहा-दहा जीबी विकले तर पाचशे जीबी झाले, आणि त्यातले बहुतेक जण काही शे एमबीच्या पलीकडे जात नाहीत. म्हणजे जे तुमच्याकडे नाही ते तुम्ही अशांना विकता ज्यांना ते नकोच आहे. यात कुणाचं काय गेलं? मोठ्या कंपन्याही हेच करतात. कोण किती वापरतंय यावर त्यांची रोज नजर असते आणि भरत आलं की जोडायला जागा तयार असते, एवढाच काय तो फरक. तुम्ही त्या फरकाकडे दुर्लक्ष करा.

एखादा खरंच वापरायला लागला तर? त्यासाठी आयनोडची मर्यादा आहे. जागा अमर्याद, पण फाइल्स मात्र मोजून. साधं वर्डप्रेस टाकलं तरी काही हजार फाइल्स होतात, आणि मेलबॉक्समधला प्रत्येक मेल ही बहुतेक ठिकाणी एक वेगळी फाइल असते. गिऱ्हाईक कधी ना कधी तिथे अडकतंच. ही मर्यादा नियम व अटींमध्ये शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहा. शेवटचा परिच्छेद काही लोक वाचतात. जोडीला 'संसाधनांचा अवाजवी वापर' असाही शब्दप्रयोग असू द्या. वाजवी किती हे लिहायचं नाही, म्हणजे कोणालाही कधीही काढता येतं. एक लक्षात घ्या, २०१९ मध्ये सीपॅनेलने लायसन्सचा हिशेब सर्व्हरमागे न ठेवता खात्यांच्या संख्येवर नेला. तेव्हा उद्या स्वतःचा सर्व्हर घेतलात, तर जवळपास फुकटात दिलेलं प्रत्येक खातं दर महिन्याला तुमच्याच खिशातून जाणार. त्यावर उपाय म्हणजे अजून खाती विका.

अपटाइमची हमी ९९.९ टक्के द्या. ऐकायला भारदस्त वाटते आणि कोणी हिशेब करत नाही. वर्षाचे पावणेनऊ तास बंद राहिलात तरी शब्द पाळल्यासारखं होतं. ९९.९९ लिहिलंत तर हातात साधारण त्रेपन्न मिनिटं उरतात, आणि अजून एक नऊ जोडलात तर सव्वापाच. सव्वापाच मिनिटांत तुमचा पासवर्डही सापडत नाही. पण लिहायला हरकत नाही. हमी मोडल्यावर परत काय द्यायचं, तर जेवढा वेळ बंद होतं तेवढ्या वेळाचं भाडं. ते इतकं किरकोळ असतं की मागायला येणाऱ्यालाच लाज वाटावी.

साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर दोन लागतात म्हणे. एनएस१ आणि एनएस२ अशी दोन नावं घ्या आणि दोन्ही एकाच आयपीवर, म्हणजे एकाच मशीनच्या पत्त्यावर, टाका. दुय्यम नेमसर्व्हर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नेटवर्कवर ठेवावेत असं आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्ये १९९७ पासून लिहून ठेवलंय, पण लिहिणाऱ्यांना रिसेलर प्लॅनचे भाव माहीत नव्हते. स्टेटस पेजसुद्धा त्याच सर्व्हरवर असू द्या. सर्व्हर पडला की तेही पडतं, त्यामुळे सेवा बंद असल्याची कबुली कधीच कुठे दिसत नाही. ही युक्ती अॅमेझॉनलाही साधली होती. २८ फेब्रुवारी २०१७ ला त्यांची फाइल्स साठवण्याची एस३ सेवा कोलमडली, तेव्हा त्यांच्या स्टेटस पेजवरची हिरवी चिन्हं बदलता येईनात, कारण ते पेजही एस३ वरच अवलंबून होतं. त्यांचं ते चुकून झालं. तुम्ही ठरवून करा.

बॅकअपचं मात्र मनावर घ्या. 'दररोज बॅकअप' हे शब्द होमपेजवर ठळक हवेत. प्रत्यक्षात ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा एक क्रॉन पुरतो. तो पहाटे उठतो, मायएसक्यूएलडम्प हा प्रोग्राम मायएसक्यूएलमधला डेटाबेस ओततो, जीझिप तो आवळून लहान करतो, आणि फाइल बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. फोल्डर त्याच डिस्कवर ठेवा. कॉपी पटकन होते, आणि डिस्क गेलीच तर मूळ आणि नक्कल दोन्हींची काळजी एकदमच मिटते. कोणी खोदून विचारलं तर 'आमच्याकडे रेड आहे', म्हणजे एकाच वेळी अनेक डिस्कवर डेटा ठेवायची सोय आहे, असं सांगा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे ज्याला माहीत असतं, तो तुमच्याकडे यायचा नाही.

मग कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला जातो. त्या दिवसापासून डम्प काहीच ओतत नाही, पण जीझिप बिचारा ते 'काहीच नाही'ही इमानेइतबारे आवळून ठेवतो. एकापुढे एक जोडलेल्या प्रोग्रामांच्या या पाइपमधला शेवटचा नीट संपला की आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या लेखी सगळंच नीट झालेलं असतं. डम्पची तक्रार क्रॉन मेलने पाठवतो खरा, पण त्या मेल फार येतात म्हणून तुम्ही त्या कधीच बंद केल्या आहेत. फोल्डरमध्ये रोज एक नवी फाइल येत राहते. नावात ताजी तारीख, शेवटी व्यवस्थित जीझेड, आणि आकार २० बाइट. आकाराच्या रकान्याकडे बघायचं नाही, एवढं पथ्य पाळलंत की बॅकअप रोज होतोय हे तुम्ही शपथेवर सांगू शकता.

यात कमीपणा वाटून घेऊ नका. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. तीनशेएक जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा हात थांबला. बॅकअप शोधायला गेले, तर डम्प बनतच नव्हते, कारण डम्पचा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. डम्प फसल्याच्या मेल डीमार्कच्या, म्हणजे मेल खऱ्या पाठवणाऱ्याची आहे का या, तपासणीत अडकून कोणाला मिळाल्याच नव्हत्या. त्याच माणसाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी डेटाबेसचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) घेतला होता म्हणून निभावलं. वर त्यांनी हे सगळं जाहीर केलं आणि दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणही दाखवलं! असला प्रामाणिकपणा तुम्हाला परवडणारा नाही.

आणि बॅकअप दुसऱ्या गावी ठेवण्याचा आग्रह कोणी धरला, तर डेटा सेंटर काही जळत नसतं असं सांगा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एसबीजी२ हे डेटा सेंटर जळालं, पण तो अपवाद. संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ट्विट करून ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना सुरू करायला सुचवलं होतं. अशी काही योजना असते, ती कंपनीची नसून आपली असते, हे किती जणांना त्या सकाळीच कळलं असेल कोण जाणे.

सपोर्ट चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस. म्हणजे तिकीट चोवीस तास टाकता येतं, उत्तराबद्दल आपण काही बोललेलो नाही. रात्री दोन चाळीसला तिकीट येईल: 'साइट चालत नाही, अर्जंट.' कोणती साइट हे लिहिलेलं नसतं. उत्तर तयार ठेवा: ब्राउझरचा कॅशे क्लियर करून बघा. सकाळपर्यंत अशी सतरा तिकिटं साठली की मग लॉगिन करा. डिस्क शंभर टक्के भरलेली असेल आणि मायएसक्यूएल उठायलाच तयार नसेल. कोणाच्या तरी प्लगइनने एरर लॉग फुगवून ठेवलेला असतो. तुम्ही ती अवाढव्य फाइल उडवता, तरी जागा जशीच्या तशी भरलेलीच दिसते, कारण साइट चालवणाऱ्या पीएचपीने ती अजून उघडी धरून ठेवलेली असते. हे माहीत असण्याची गरज नाही. रीबूट मारा. चालू झालं की कारण शोधायचं कारण उरत नाही, आणि सतराही जणांना 'आमच्या तज्ज्ञ टीमने समस्या सोडवली आहे' असं कळवता येतं.

डोमेन गिऱ्हाइकाचं असलं तरी नोंदणी स्वतःच्या नावावर करा. गिऱ्हाईक टिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. डोमेन दुसरीकडे नेण्यासाठीचा ट्रान्सफरचा कोड मागितल्यावर पाच दिवसांत द्यावा असा डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे, पण तो आहे रजिस्ट्रारसाठी (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीसाठी) आणि डोमेनधारकासाठी. तुमच्या गिऱ्हाइकाला वाटतं की डोमेनधारक तोच आहे. वाटू द्या.

ईमेलचा विचार करू नका, कारण केलात तर धंदाच कराल असं वाटत नाही. पन्नास गिऱ्हाइकांच्या मेल एकाच आयपीवरून जातात. त्यातल्या एकाने कुठून तरी फुकटात मिळवलेली पायरेटेड थीम टाकलेली असते. थीमसोबत आलेली स्क्रिप्ट रात्रभर औषधांच्या जाहिराती पाठवते, आणि सकाळी तुमचा आयपी स्पॅमहाउस या स्पॅम पकडणाऱ्या संस्थेच्या काळ्या यादीत. उरलेल्या एकोणपन्नास जणांची कोटेशनं परत येऊ लागतात. यादीतून नाव काढण्याचा अर्ज असतो, पण त्यात मूळ कारण दूर केलं का असं विचारतात, आणि रीबूट हे उत्तर तिथे चालत नाही.

या धंद्यात 'समर होस्ट' नावाची जमात आहे. सुट्टीत सुरू होते, शाळा-कॉलेज उघडलं की गायब. तुम्ही तसं वागू नका, रीतसर बंद करा. वरच्या कंपनीचं बिल थकलं आणि अठ्ठेचाळीस तासांत खातं बंद होणार हे कळलं, की सर्व गिऱ्हाइकांना एक सभ्य मेल लिहा: आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार, कृपया आपला डेटा उतरवून घ्यावा. सगळ्यांना एकदमच पाठवा, त्याच सर्व्हरवरून. ती स्पॅममध्ये जाईल, पण कळवलं नाही असं कोणाला म्हणता येणार नाही.