तारीख आधी कळू दे

गेल्या रविवारी भाच्यानं घरच्या ग्रुपवर एक यादी टाकली. तो आणि त्याचे सात-आठ मित्र, सगळे पंचविशी-तिशीतले, सांगलीत दर महिन्याला एक कार्यक्रम करायचं म्हणताहेत. नोव्हेंबरात नाट्यपदं. डिसेंबरात कृष्णेच्या पुरावर गप्पा. जानेवारीत मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांसोबत एक सकाळ. फेब्रुवारीत आपण वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचा कट्टा, मार्चात लहान मुलांसाठी गोष्टी. यादी वाचून मला इतका आनंद झाला की इथं लंडनमध्ये, हॉस्पिटलच्या औषधांच्या खोलीत उभी राहून मी ती दोनदा वाचली.

मग चर्चा सुरू झाली. काका म्हणाले, फुकट ठेवा, तिकीट लावलंत तर चिटपाखरू फिरकणार नाही. दादाचं म्हणणं, आधी चांगला एसी हॉल बघा, लोकांना आता उकाडा सोसत नाही. वहिनीनं विचारलं, उद्घाटनाला कोण? आणि एका चुलतभावानं नेहमीचं वाक्य लिहिलं, की सांगलीत आता काही चालत नाही, चालण्यासारखं होतं ते सगळं पुण्याला गेलं. रात्री भाच्याचा मला वेगळा मेसेज आला: ‘आत्या, तिकडं कसं असतंय गं?’

लंडनचं सांगते, पण आधी सांगलीचं. चार वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आले होते. बाबांना शास्त्रीय गाण्याची ओढ फार. गावभागातल्या आमच्या घरात रात्रीची जेवणं रेडिओवरचं गाणं संपल्याशिवाय व्हायची नाहीत. एका चांगल्या गायिकेचा कार्यक्रम आहे हे आम्हाला आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही कोणीतरी फॉरवर्ड केलेल्या पत्रिकेवरून. पत्रिकेवर वेळ साडेसहाची. बाबा सहालाच जाऊन बसले, गुडघ्याला पट्टा बांधून. साडेसातला पाहुणे आले. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, अकरा जणांचे सत्कार (मी मोजले), शाल, नारळ, रोप, मनोगतं. गायिका बिचारी विंगेत तानपुरे जुळवून बसलेली. नऊला पाच कमी असताना तिनं षड्ज लावला, तोवर बाबांचा पाय अवघडून गेला होता. ते माझ्या खांद्याला धरून उठले, दाराशी थांबून थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘आवाज सुरेख आहे.’ आम्ही घरी आलो. पुढच्या वर्षी बाबा गेले. समोर बसून ऐकायचं असं त्यांचं ते शेवटचं गाणं, आणि ते त्यांनी दारातून ऐकलं.

म्हणून पाहुणे कोण, हा प्रश्न मला कडू लागतो. ज्याच्यासाठी माणूस घरातून निघतो, ते ठरल्या वेळी सुरू झालं पाहिजे. सत्कार करायचाच असेल तर मध्यंतरात, पाच मिनिटांत, एकाचा.

आता लंडनचं. मी इथं सतरा वर्षं एका हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते, शिफ्टमध्ये. माझ्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे रेड लायन स्क्वेअरमधला कॉनवे हॉल. ही इमारत १९२९ ची. आपला आयर्विन पूलही १९२९ चाच, त्यामुळे पहिल्यांदा तिथं गेले तेव्हापासून मला ती जागा उगीचच माहेरची वाटते. रविवारी संध्याकाळी तिथं छोट्या वाद्यमेळांचे कार्यक्रम होतात. ही परंपरा इमारतीपेक्षाही जुनी, १८८७ सालची. हा हॉल चालवणारी संस्था दुसऱ्या जागेत होती तेव्हाच ती सुरू झाली. त्याच हॉलमध्ये व्याख्यानं होतात, वाद होतात, आसपासच्या मंडळांच्या बैठका भरतात, कुणाचं लग्नही लागतं. संस्था चालते ती तिकिटांवर आणि खोल्या भाड्यानं देऊन. झगमगाट कसलाच नाही. खुर्च्या तर आपल्या कार्यालयातल्यापेक्षा कडक.

मग मी तिथं का जाते? कारण हंगाम सुरू व्हायच्या आधीच पुढचे कितीतरी रविवार ठरलेले असतात. कोण वाजवणार, काय वाजवणार, कधी सुरू, तिकीट किती. मी त्यावरून शिफ्टची अदलाबदल मागते. कुणी मुलांना सांभाळणारी बाई ठरवतं, कुणी म्हाताऱ्या आईला आणायची सोय करतं. महिनाभर आधी कळलं तर माणूस आपला आठवडा त्याभोवती बसवतो. आदल्या दिवशी कळलं तर फक्त रिकामा माणूस येतो. सांगलीत लोक येत नाहीत असं म्हणण्याआधी, त्यांना कधी कळलं होतं हे कुणी विचारतं का?

आणि हे इंग्रजांचं कौतुक म्हणून सांगत नाही. आपल्याकडं तारखा पाळायची सवय फार जुनी आहे. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडायचे आणि जत्रांच्या हंगामाप्रमाणं गावोगाव फिरायचे. कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड आपल्या गावच्या जत्रेला येणार की नाही, हे लोकांना आधीपासून ठाऊक असायचं, बैलगाड्या जुंपून माणसं यायची. उरूस, गणपती, नवरात्र, सगळं पंचांगात. आजही सांगलीत ५ नोव्हेंबर कुणाला सांगावा लागत नाही. रंगभूमी दिन, विष्णुदास भावे यांच्या नावाचं पदक, त्याची वर्दळ. त्या एका तारखेला गाव नाटकाचं असतं. माझी इच्छा एवढीच, की अशा तारखा वर्षात बारा असाव्यात.

तिकिटाबद्दल काकांशी मला जरा सविस्तर भांडायचं आहे, कारण हा वाद आपल्याच गावात सुरू झालेला आहे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत म्हणवणाऱ्या नाटकवाल्यांची एक मंडळी सांगलीत खेळ करायला आली. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना ते आवडले आणि असं काहीतरी मराठीत कर, असं त्यांनी पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ झालं. खर्च राजाचा, पाहणाऱ्याला पैसा नाही. म्हणजे काकांच्या मताप्रमाणं आदर्श व्यवस्था. पण १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांपुढं दोनच वाटा उरल्या: खेळ बंद करायचे, नाहीतर बाहेर पडून लोकांकडून पैसे घ्यायचे. ते बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. मराठी नाटक जगलं ते त्या तिकिटामुळं. ते सांगलीत जन्मलं ते राजाच्या तिजोरीवर, आणि त्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात होती तो गेल्यावर नाटकाला सांगली सोडावी लागली. पुढं किर्लोस्कर आले, आपल्या हरिपूरचे देवल आले, १८९९ ला ‘शारदा’ आलं, नाटक मंडळ्यांनी अर्धं शतक गाजवलं, ते सगळं पैसे मोजून बसलेल्या प्रेक्षकांच्या जिवावर.

आज राजे नाहीत. फुकट कार्यक्रमाचा खर्च कुणीतरी करतंच, आणि जो करतो त्याचं नाव बॅनरवर गायकापेक्षा मोठं येतं. अकरा सत्कार तिथूनच येतात. शंभर रुपये तिकीट असेल तर कार्यक्रम ऐकणाऱ्याचा होतो, आणि उशीर झाला तर तो उठून विचारू शकतो. ज्याला शंभर जड आहेत त्याच्यासाठी, विद्यार्थ्यांसाठी, शेवटच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात; पण त्या देताना त्याला ओशाळं वाटू नये.

मिरजेचं मात्र वेगळं. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, त्याला तिकीट नाही आणि कधी लावूही नये. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये प्रवासात असताना गेले, त्यांना आणून याच दर्ग्याच्या आवारात ठेवलं. त्यांच्या आठवणीत तिथं मोठमोठे कलाकार येऊन गातात ते हजेरी म्हणून. गाणारा काही मागत नाही आणि ऐकणारा जमिनीवर बसतो, तिथं पहाटेपर्यंत कुणाला घड्याळ आठवत नाही. असं काही मी लंडनमध्ये पाहिलेलं नाही. सेवा म्हणून फुकट आणि पुरस्कर्त्यामुळं फुकट, यातला फरक मिरजेला कधीचा कळलेला आहे.

दादाच्या एसी हॉलबद्दल. हॉल चांगला हवा यात वाद नाही. स्वच्छतागृह स्वच्छ हवं, आवाज नीट हवा, म्हाताऱ्यांना पायऱ्या नकोत. पण मला बांधकामापेक्षा दाराची काळजी वाटते. थेम्सच्या काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉल आहे, १९५१ चा. १९८३ पासून त्यांनी आतला मोठा व्हरांडा दिवसभर सगळ्यांसाठी खुला ठेवला. तिकीट असो वा नसो. मी नवीन होते, नोकरी मिळायची होती, घरातली खोली थंड होती, तेव्हा तिथं जाऊन बसायचे. पाचव्या मजल्यावर कवितांचं फुकट वाचनालय आहे. खाली पोरं अभ्यास करतात, बाया लेकरांना पाजतात, कोपऱ्यात कुणी नाच बसवत असतं. कुणी मला ‘काय काम आहे’ असं विचारलं नाही. असं बसून बसूनच एक दिवस मी तिकीट काढून आत गेले.

आपल्याकडं नाट्यगृहाचं फाटक प्रयोगापुरतं उघडतं, बाकी वेळ कुलूप. विश्रामबागच्या वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं चहाच्या गाड्यावर उभी असतात. त्यांना दुपारी बसायला सावली आणि पंखा दिला, तर त्यातली दहा तरी संध्याकाळच्या गाण्याला थांबतील. भाच्याला हॉल कोणताही मिळो, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून दार उघडं ठेव म्हणावं.

आता तिकडं काय नाही, तेही त्याला कळायला हवं. कॉनवे हॉलमध्ये माझ्या शेजारी बऱ्याचदा एक वयस्क बाई बसतात. आम्ही एकमेकींकडं बघून हसतो, थंडीबद्दल बोलतो. इतक्या वर्षांत मला त्यांचं नाव माहीत नाही. एका हिवाळ्यात त्या दिसल्या नाहीत तेव्हा कुणाला विचारावं हे मला कळेना. प्रेक्षकांत बहुतेक डोकी पांढरी. एखादी जागा काळजाला भिडली तरी श्वास रोखून गप्प बसायचं, टाळी शेवटीच. सांगलीत मध्यंतरात चहाचा कप हातात येतो न येतो तोच कुणीतरी विचारतं, ‘तू अमक्याची मुलगी ना?’ समेवर पुढच्या रांगेतून आपोआप दाद येते. आम्ही इथं महाराष्ट्र मंडळात गणपतीला जमतो, १९३२ पासूनचं मंडळ आहे, तिथं ती ऊब मिळते. पण ती आम्ही आठवणीनं जपलेली आहे. सांगलीत ती हवेतच आहे. भाच्याच्या यादीची खरी पुंजी ती आहे, आणि ती कुठल्याही हॉलच्या भाड्यात येत नाही.

त्या यादीतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो डिसेंबर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा मी इथं फोन हातात धरून रात्री काढल्या. आमच्या घरात छातीएवढं पाणी. १८६९ सालच्या नगर वाचनालयात हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. २०२१ मध्ये पुन्हा तेच. प्रत्येक पुरानंतर धरणं, विसर्ग, अलमट्टी, पूररेषेतली बांधकामं यावर टीव्हीवर आरडाओरडा होतो आणि पाणी ओसरलं की विषय ओसरतो. कोरड्या डिसेंबरात, शांतपणे, पाणी मोजणारा माणूस आणि गाळ उपसणारी बाई समोरासमोर बसून बोलतील अशी जागा गावात कुठं आहे? व्याख्यान ठेवू नकोस असं मी त्याला कळवलंय. व्यासपीठ नको, खुर्च्या गोल मांड. जाणकारानं वीस मिनिटं बोलावं, बाकी वेळ गावभागातल्या, मारुती चौकातल्या लोकांना द्यावा.

आणि जानेवारी. शिकलगारांच्या घरात तलवारींना पाणी देणारे हात सतारीकडं वळले, तेव्हापासून मिरजेत पिढ्यान् पिढ्या वाद्यं घडताहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडचा भोपळा, त्यावरचं कोरीव काम, आणि शेवटी जवारी: तारांखालची घोडी कानसत, तार छेडत, पुन्हा कानसत, स्वर फुलेपर्यंत. ते काम कानानं चालतं. माझ्याकडं इथं मिरजेचा एक तानपुरा आहे, बाबांनी घेऊन दिलेला. इथल्या सुक्या हीटरच्या हवेत त्याची जवारी गेली आहे आणि ती काढून देणारा मला सापडलेला नाही. जानेवारीत मी तो विमानातून घेऊन यायचं ठरवलंय.

भाच्याला उत्तर लिहिलं आहे. त्याचा लगेच फोन आला, खुशीत होता. जानेवारीचा रविवार कोणता, म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘बघू की आत्या, जवळ आल्यावर ठरवू.’ मी म्हटलं, अरे, मला रजा सहा आठवडे आधी टाकावी लागते. आज रात्रीपर्यंत तारीख कळव.