खुलासा : ‘माय चेन्स आर गॉन’ हे ध्रुपद जॉन न्यूटन यांचे नाही

चर्चच्या मंडळीच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे : १७४८ च्या समुद्री वादळातून वाचल्यावर इंग्रज खलाशी न्यूटन यांनी त्याच रात्री ‘अमेझिंग ग्रेस’ हे ख्रिस्ती भक्तिगीत लिहिले, ‘माय चेन्स आर गॉन’ (माझ्या बेड्या गळून पडल्या) गात जहाजावरच्या गुलामांच्या बेड्या तोडल्या आणि तो व्यापार सोडला.

हे खरे नाही. हे ध्रुपद अमेरिकी गायक ख्रिस टॉमलिन आणि पाळक लुई गिग्लिओ यांचे, २००६ चे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स यांच्यावरील चित्रपटासाठी जोडलेले. मूळ गीत १७७९ च्या ‘ओल्नी हिम्स’ संग्रहात आहे. त्यात सहा कडवी आहेत, ध्रुपद नाही.

उलट वादळानंतरच न्यूटन गुलामांच्या जहाजांचे कप्तान झाले. १७५४ मध्ये आजारपणामुळे त्यांनी समुद्र सोडला. गीत १७७२ च्या अखेरीचे, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धची त्यांची पुस्तिका थेट १७८८ ची. मधली चाळीस वर्षे गाळून सांगणे हा त्या जहाजांत कोंबलेल्या माणसांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

ध्रुपद उपासनेत जरूर गावे, सुंदर आहे. तो संदेश मात्र कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.