दया गाळून येत नाही

परवाच्या घटक चाचणीच्या ३८ उत्तरपत्रिका तपासून उठलो, तेव्हा माझ्या मनात शेक्सपिअरविषयी करुणा, मुलांविषयी थोडीफार माया आणि कौले परतणाऱ्या एका मिस्त्रीविषयी निखळ मत्सर होता. त्याच्या नाटकातल्या पोर्शियाने दयेला कशाची उपमा दिली आहे, या दोन गुणांच्या प्रश्नाला २९ मुलांनी जवळजवळ एकच उत्तर लिहिले होते. त्यातल्या इंग्रजीचे हाल बाजूला ठेवले, तर त्याचा अर्थ असा होतो: ‘दया पावसासारखी असते. कौल फुटल्याशिवाय ती खाली येत नाही.’ हे मी शिकवलेले नाही. हे गाइडातही नाही, याची मी रात्री दहा वाजता गाइड उघडून खात्री करून घेतली.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात आहे. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यात येते, एवढे सांगितले म्हणजे इकडचा पाऊस कोणत्या जातीचा असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली आहे आणि त्याच तालुक्यातल्या आमच्या दहावीच्या वर्गाचे कौलारू छप्पर चार ठिकाणी गळते. शाळेत एक खोली कोरडी आहे. पण तीत अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती रचलेली आहेत, कारण तांदूळ भिजला तर चौकशी होते आणि दहावी भिजली तर होत नाही.

अशा वर्गात, दोन बादल्या आणि एक पातेले यांच्या साक्षीने, मला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या चौथ्या अंकातले पोर्शियाचे दयेवरचे भाषण शिकवायचे होते. दया ही आकाशातून धरणीवर पडणाऱ्या मंद पावसासारखी असते, असे ती त्यात म्हणते. हा मंद पाऊस समजावून सांगताना मला पावसाच्या आवाजावर ओरडावे लागत होते. त्यातच पहिल्या ओळीत ‘स्ट्रेन्ड’ हा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ सक्तीने करून घेतलेली असा आहे, म्हणजे दया कोणाकडून जबरदस्तीने करवून घेता येत नाही. परंतु गाइडकाराने त्या शब्दापुढे ‘गाळणे’ असे छापून ठेवल्यामुळे दया गाळून येत नाही, हे ज्ञान मुलांना माझ्या आधीच झालेले होते. मागच्या बाकावरून ‘मग सर, चहापुडीसकट येतीया काय?’ अशी पृच्छाही झाली. मी तिकडे दुर्लक्ष केले, कारण प्रश्न तर्काला धरून होता.

मिस्त्री त्या वेळी वर होता. पावसाने तासाभराची उघडीप दिलेली पाहून मुख्याध्यापकांनी त्याला छपरावर चढवले होते, आणि त्याने नेमकी फळ्यावरची तीन कौले काढून ठेवली होती. कर्ज वेळेत फिटले नाही तर सावकाराला जामिनाचे पौंडभर मांस, या करारपत्राची गोष्ट मी सांगत असताना त्या भोकातून प्लास्टिकच्या खोळीत गुंडाळलेले एक डोके आत आले.

“सर, जरा थांबा की ओ. त्या सावकारानं व्याज किती लावलेलं म्हणालासा?”

व्याज लावलेले नव्हते, असे मी खालून सांगितले. शायलॉकने या कर्जापुरते व्याज सोडले होते, हे नाटकात खरोखरच आहे.

“व्याज न्हाई? मग त्यो सावकार कसला? पैसे किती?”

“तीन हजार डुकाट. मुदत तीन महिने.”

“तीन म्हैन्यांत फेडणार हुता कशानं?”

जहाजे परत येणार होती, असे मी म्हणालो. त्यावर मिस्त्री इतक्या जोरात हसला की खपलीभर माती माझ्या पुस्तकावर पडली. तीन महिन्यांत इकडे साधा रस्त्याचा खड्डा भरत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. मग कर्ज बसानिओने घेतले आणि अँटोनिओ त्याला जामीन राहिला, हे कळल्यावर मात्र त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. मेव्हण्यासाठी सोसायटीत जामीन राहिल्यामुळे त्याची स्वतःची म्हैस कशी विकावी लागली, हा वृत्तांत त्याने भोकातून सविस्तर ऐकवला. माझ्या वर्गाने अकरा वर्षांत माझे जे ऐकले नाही, ते त्या म्हशीचे ऐकले. पहिल्या बाकावरची एक मुलगी तर वहीत काही लिहून घेत होती. ‘जामीन राहिलेल्या माणसाचं काळीज आधीच कापलेलं असतंय,’ असे तो शेवटी म्हणाला, आणि अँटोनिओचे खिन्न स्वभावचित्र याहून चांगले मला करता आले नसते, हे मी त्याच क्षणी ओळखले व दातओठ खाल्ले.

पोर्शिया पुरुषवेशात न्यायालयात येते आणि तिला कोणी ओळखत नाही, हे त्याला मुळीच पटले नाही. “आधार कार्ड बघत न्हाईत काय तिथं?” तरीही तिने मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडू नकोस, असा पेच टाकला, तेव्हा त्याने हातातले कौल मांडीवर आपटून दाद दिली.

“एका दिसात निकाल लावला म्हणायचा की! असली वकीलबाई आमाला का मिळाली न्हाई ओ? २००४ सालापासनं आमचा दावा पडलाय सुप्रीम कोर्टात.”

वर्ग खळखळून हसला आणि मग आपोआप गप्प झाला. सीमाप्रश्नाचा तो दावा दाखल झाला तेव्हा या मुलांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता. मी घाईने पुन्हा दयेकडे वळलो. तेवढ्यात सर आली. भोकातून पाण्याचा लोट फळ्यावर कोसळला, माझी तीन रंगांच्या खडूंत काढलेली आकृती वाहून गेली आणि वरून शांतपणे आवाज आला, “ही बगा तुमची दया. कौल फुटल्याबिगर येत न्हाई.”

पुढचे उत्तरपत्रिकांत आहेच.

मी मुलांना कवितेत काय म्हटले आहे ते सांगतो. पण परीक्षा त्यांना ओळी जशाच्या तशा आठवतात काय, एवढे विचारते. त्यामुळे घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि टीव्हीवर हिंदी अशा तीन भाषांतून वाट काढत आलेले पोर चौथ्या भाषेतली दया घोकून मोकळे होते. चर्चा सुरू केली की ‘सर, हे परीक्षेला हाय काय?’ असे विचारले जाते. नाही म्हटले की ३८ पेने एकदम खाली ठेवली जातात, आणि तो आवाज मला पावसापेक्षा मोठा ऐकू येतो. त्या दिवशी मात्र ते कोणी विचारले नाही. मिस्त्रीला कोणीच ते विचारले नाही.

नमुना उत्तराप्रमाणे त्या २९ जणांना शून्य द्यायला हवे होते. मी पाऊस या शब्दाबद्दल प्रत्येकी एक गुण दिला. तो दयेने दिला की सक्तीने, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

काल मुख्याध्यापकांनी मिस्त्रीचे बिल माझ्यापुढे सरकवले, कारण काम माझ्या वर्गात झाले होते आणि खातरजमेची सही माझी हवी होती. बिल पुऱ्या दोन दिवसांचे होते. त्यातला अर्धा दिवस त्याने माझ्या डोक्यावर बसून काढला होता, हे मी त्याला दारातच सुनावले.

“व्हय, अर्धा दिस ऐकण्यात गेला,” तो म्हणाला. “खरं त्यो बी धरलाय. तुमीच सांगितलासा की ओ, दयेनं देणाऱ्याचं बी भलं हुतंय आनि घेणाऱ्याचं बी.”

मी सही केली. फळ्यावरची गळती आता पूर्ण थांबली आहे. आज सकाळपासून पाणी माझ्या खुर्चीवर पडते.